निर्व्यसनी पाहिजे

पिरंगुट ओलांडून मुठा घाटाकडे वळले की रस्त्याच्या दुतर्फा झाडांवर आणि विजेच्या खांबांवर एक विशिष्ट गद्य दिसू लागते. ‘फार्महाऊससाठी निर्व्यसनी जोडपे पाहिजे.’ ‘वॉचमन पाहिजे, निर्व्यसनी असावा, राहण्याची सोय.’ ‘हाऊसकीपिंगसाठी महिला पाहिजेत, निर्व्यसनी.’ आम्ही या खोऱ्यात राहतो आणि मराठी शिकवून पोट भरतो. त्यामुळे येता-जाता हे गद्य वाचण्याची आम्हांस सवय लागली आहे. त्यात क्रियापद बहुधा एकच असते, ‘पाहिजे’, आणि विशेषणही बहुधा एकच असते, ‘निर्व्यसनी’.

या विशेषणाचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. बोलताना ते सहसा कोणी वापरत नाही. एखाद्याची स्तुती करायची तर गावात ‘त्याला सुपारीच्या खांडाचंबी येसन न्हाई’ असे म्हणतात. ‘तो निर्व्यसनी आहे’ असे कोणी म्हणत नाही. हा शब्द वर्तमानपत्रांत मुख्यतः दोन ठिकाणी वस्तीला असतो: वधू-वर सूचक मंडळाच्या रकान्यात आणि ‘नोकरीविषयक’ या रकान्यात. पहिल्या ठिकाणी दोन्ही बाजू एकमेकांची चौकशी करू शकतात, निदान तशी कल्पना असते. दुसऱ्या ठिकाणी चौकशी एकाच दिशेने चालते. ‘निर्व्यसनी मालक पाहिजे’ अशी पाटी आमच्या पाहण्यात अद्याप आलेली नाही.

येथे शब्दाच्या पूर्वेतिहासाकडे थोडे वळणे भाग आहे. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ संकट, आपत्ती असा आहे. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची फोड केली जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण संपूर्णपणे व्यसनांना वाहिलेले आहे आणि त्यात दुष्काळ, पूर, रोगराई यांच्या शेजारी शिकार, द्यूत, स्त्री आणि मद्य ही माणसांची व्यसने बसलेली आहेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामापासून उपजणारी दहा आणि क्रोधापासून उपजणारी आठ अशी अठरा व्यसने मोजली आहेत. त्या यादीत दिवसा झोपणे आहे, गाणे-बजावणे आहे, उगाच भटकणेही आहे. त्या कसोटीवर मराठीचा एकही प्राध्यापक नोकरीस पात्र ठरणार नाही! परंतु गमतीचा भाग निराळाच आहे. या दोन्ही याद्या राजासाठी आहेत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या दुर्गुणाची झळ साऱ्या राज्याला बसते, म्हणून त्याने व्यसनांपासून दूर राहावे, असा त्यामागचा विचार आहे. म्हणजे ज्या अपेक्षेचा जन्म स्वामीसाठी झाला, ती कालांतराने सेवकाच्या माथी आली. हे स्थलांतर कसे व केव्हा झाले हा भाषेच्या अभ्यासकांचा विषय आहे. ते झाले आहे एवढे मात्र खांबावरची पाटी सांगते.

त्या जुन्या याद्यांत तंबाखू नाही, कारण तंबाखू तेव्हा या भूमीत नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनेत रुळली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी अकबराच्या दरबारात तंबाखू पेश झाली ती विजापुराहून परतलेल्या असद बेगाच्या हातून. उत्तरेच्या बादशहाला तिची ओळख करून देण्याचा मान (मान म्हणायचे असल्यास) आदिलशाही मुलखाकडे जातो. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले हे चारशे वर्षांनंतर कोणत्याही पानटपरीपुढे उभे राहिल्यास कळते.

आमच्या खोऱ्यात ‘व्यसन’ म्हणजे काय, हे पाहू लागलो तर सिगारेटपाशी फार काळ थांबता येत नाही. सिगारेट ही रविवारी मोटारीतून येणाऱ्यांची वस्तू. गडीमाणसाच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असते, म्हाताऱ्यांकडे विडी असते आणि बायकांकडे मिश्री असते, जिला कोणी मशेरी म्हणतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची आणि सकाळी ती बोटाने दातांना लावीत ओट्यावर बसायचे, हा कित्येक घरांतला दिवसाचा पहिला विसावा. गळ्यात तुळशीची माळ घातलेली, मद्यमांस वर्ज्य केलेली माणसेही मिश्रीला व्यसनात धरीत नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीने महाराष्ट्रापुरते काढलेले आकडे हेच सांगतात: पंधरा वर्षांवरील लोकांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. तेव्हा इंग्रजी देशांत ‘धूम्रपान करणाऱ्यास नोकरी नाही’ अशी जी अट घातली जाते, ती महाराष्ट्रात आल्याबरोबर तिचे तोंड निराळ्याच माणसांकडे वळते. जवळजवळ चौथा हिस्सा माणसे तिच्या कक्षेत येतात, आणि त्यांत डोंगरकपारीतल्या बायकाही येतात.

अशीच एक बाई गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडे एक छापील अर्ज घेऊन आली. तिचा मुलगा आमचा विद्यार्थी. पिरंगुटच्या बाजूला एका कंपनीत साफसफाईचे काम कंत्राटदारामार्फत मिळत होते. अर्ज मराठीत होता. पण मराठीत असूनही तो तिच्यासाठी लिहिलेला नव्हता. सातव्या क्रमांकावर वाक्य होते: ‘मी कोणत्याही स्वरूपात तंबाखू, धूम्रपान अथवा अन्य व्यसन करीत नाही, सदर माहिती असत्य आढळल्यास मला कोणतीही पूर्वसूचना न देता कामावरून कमी करण्यात यावे.’ आम्ही ते तिला वाचून दाखविले.

“सर, मिश्री बी व्यसनात धरत्यात व्हय?” तिने विचारले.

‘कोणत्याही स्वरूपात’ या शब्दांचा अर्थ आम्ही सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सकाळी घरी लावती, सर. कामावर कोन लावतंय?”

या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकांत किती मोठे उत्तर दडलेले आहे हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही तिला सुचविले की, खरे आहे तेच लिहावे; आणि तिच्या सांगण्यावरून आम्हीच त्या ओळीपुढे लिहिले, ‘घरी मिश्री लावते. कामाच्या ठिकाणी लावणार नाही.’ दोन दिवसांनी ती दुसरा कोरा अर्ज घेऊन आली. सुपरवायझरने पहिला परत केला होता. त्याचे म्हणणे असे की, मावशी, असले काही लिहायचे नसते. सगळ्याच बायका लावतात, सगळ्याच ‘नाही’ म्हणून सही करतात, तुम्हीही करा. तिने सही केली. ती आज तेथे काम करते, आणि चांगले करते असे ऐकतो.

ही हकिकत कोणा एका कंत्राटदाराची नाही आणि तो सुपरवायझर दुष्टही नव्हता. उलट त्याच्या परीने त्याने बाईचे भलेच केले. प्रश्न त्या सातव्या ओळीचा आहे. काम देणाऱ्याने काम मागणाऱ्याच्या सकाळच्या ओट्यापर्यंत यावे काय, आणि आल्यास कायदा त्याला कोठे अडवतो?

प्रथम जे निर्विवाद आहे ते मान्य करू. कामाच्या जागी तंबाखू नको असे म्हणण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली, २००३ मध्ये संसदेने तंबाखू उत्पादनांचा कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या ठिकाणांनाही ती मनाई स्पष्टपणे लागू केली. शेजाऱ्याच्या फुप्फुसात आपला धूर सोडण्याचा हक्क कोणालाही नाही. ज्वालाग्राही पदार्थांच्या कारखान्यात तर प्रश्नच उरत नाही. आमच्याच तालुक्यात उरवडे येथे जून २०२१ मध्ये रसायनांच्या कारखान्याला लागलेल्या आगीत अनेक कामगार मृत्यू पावले आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्यापैकी कोणी काडेपेटी घेऊन कारखान्यात जाण्याच्या हक्काची भाषा करणार नाही.

परंतु हा सारा अधिकार फाटकाच्या आतला आहे. फाटकाबाहेर काय? १९८३ मध्ये ग्लॅक्सो लॅबोरेटरीज या कंपनीच्या उत्तर प्रदेशातील कारखान्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. कारखान्याच्या आवाराबाहेर काही कामगारांनी केलेल्या वर्तनाबद्दल स्थायी आदेशांखाली त्यांना शिक्षा करता येईल काय, असा मुद्दा होता. न्यायालयाचा कौल असा की, मालकाचा शिस्तीचा अधिकार आस्थापनेपुरता आणि तिच्या अगदी लगतच्या परिसरापुरता आहे. कामगार रस्त्यावर, बाजारात किंवा घरी कसा वागतो यावर मालकाची हुकमत चालू द्यायची तर ती गुलामगिरीच्याच वाटेने जाईल. आमच्या मते हा निकाल साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा असा आहे. कारण मजुरी म्हणजे काय, याची एक व्याख्या त्यात गृहीत आहे. मालक आठ तास विकत घेतो. उरलेल्या सोळा तासांचा सौदा झालेलाच नसतो.

ही व्याख्या न्यायालयाने आकाशातून आणली नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिच्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले आहे. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि आठवड्याची एक सुट्टी मिळावी ही तिच्या आरंभीच्या मागण्यांपैकी एक होती. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार गृहीत धरतो. त्या पिढीने मात्र तो मागून, भांडून घेतलेला होता. त्या दिवशी कामगार भजनाला गेला, तमाशाला गेला, की घराच्या पायरीवर विडी ओढीत बसला, याचा हिशोब गिरणीने मागू नये, हे त्या मागणीतच अंतर्भूत होते. मोकळा वेळ मोजून देणारा मालक जर त्या वेळात काय करायचे हेही ठरवू लागला, तर तो वेळ मोकळा राहत नाही.

येथवर मार्ग सरळ आहे. अडचण आहे ती दारात. ग्लॅक्सोच्या निकालाचा आधार कामावर असलेल्या माणसाला आहे. जो अजून आत आलेलाच नाही, हातात अर्ज घेऊन उभा आहे, त्याला कोणता आधार? खासगी मालकाने कोणास घ्यावे आणि कोणास न घ्यावे, याबाबत आपला कायदा बराचसा मौन पाळतो. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील समान संधी ही राज्याच्या नोकऱ्यांपुरती आहे. आणि राज्याच्या नोकऱ्यांतही दाराशी अटी वाढतच गेल्या आहेत. राजस्थान सरकारने २०१२ मध्ये नव्या उमेदवारांकडून धूम्रपान व गुटखा न करण्याचे हमीपत्र मागितले. झारखंडने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की, १ एप्रिल २०२१ पासून राज्य कर्मचाऱ्यांनी कोणत्याही स्वरूपात तंबाखू न वापरण्याचे शपथपत्र द्यावे. महाराष्ट्राने तंबाखूला हात घातला नाही, पण २००५ च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमांनी दोहोंपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यास शासकीय सेवेचे दार बंद केले. हेतू प्रत्येक वेळी लोकहिताचाच असतो. प्रत्येक वेळी नोकरी हे ते हित साधण्याचे हत्यार असते, कारण गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण राज्यकर्त्यांनाही पाठ आहे.

तरीही दारातल्या माणसाला आधार मिळालाच नाही असे नव्हे. तो तुकड्यातुकड्यांनी मिळाला, आणि त्यातले बरेचसे तुकडे मुंबईचे आहेत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता की, ठरावीक विभागातील स्त्री कामगाराने विवाह केल्यास तिची नोकरी संपावी. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. लग्न झालेल्या बाया अधिक गैरहजर राहतात, हा मालकाचा अंदाज न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. ज्या महामंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे त्या आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात स्त्री उमेदवारांना मासिक पाळीच्या तारखा आणि गर्भारपण यांविषयी प्रश्न विचारले जात. नीरा माथुर प्रकरणात, १९९१ मध्ये, त्या रकान्यांची लाज न्यायालयाला वाटली आणि ते काढून टाकण्यास त्याने सांगितले. एखादा अर्जातला रकानाच बेकायदा असू शकतो, हा विचार आमच्या आठवणीप्रमाणे तेव्हा अनेकांना नवा होता. आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक असा कामगार आला, ज्याला निकालपत्रात नावच नाही. त्याला ‘एमएक्स’ आणि त्याच्या मालकाला, एका सार्वजनिक महामंडळाला, ‘झेडवाय’ म्हटले आहे. तो हंगामी मजूर होता. कायम करण्यापूर्वीच्या तपासणीत त्याला एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे आढळले आणि त्याचे नाव यादीतून काढले गेले. न्यायालयाने विचारले ते दोनच प्रश्न: हा माणूस नेमलेले काम करू शकतो काय? आणि त्याच्यामुळे कामाच्या ठिकाणी इतरांना खराखुरा धोका आहे काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर केवळ संसर्ग आहे म्हणून त्याची रोटी हिरावता येणार नाही. पुढे २०१७ च्या कायद्याने हेच तत्त्व खासगी मालकांनाही लागू केले. स्त्री-पुरुष भेदापुरती भरतीतली मनाई १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून होती. ती आता वेतन संहितेत आली आहे.

एमएक्सचे ते दोन प्रश्न आम्हांला फार मोलाचे वाटतात. सातव्या ओळीला ते विचारून पाहावेत. सकाळी मिश्री लावणारी बाई फरशी पुसू शकते काय? तिच्या मिश्रीने कंपनीत कोणाला इजा होते काय?

यावर जो आक्षेप येईल तो आम्ही जाणतो. आजार माणूस निवडत नाही; तंबाखू तो निवडतो. निवडलेल्या गोष्टीचे परिणाम त्याने भोगावेत. या युक्तिवादात दम आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. विवाहही निवडलेलाच असतो, आणि तरी १९६५ मध्ये न्यायालयाने तो नोकरीच्या आड येऊ दिला नाही. शिवाय व्यसन ही निवड आहे असे म्हणायचे आणि त्याच दमात त्याला व्यसन म्हणायचे, यातली विसंगती शब्दच दाखवून देतो. जे माणसाला फेकून देते ते त्याने निवडले, असे म्हणणे जरा अवघड आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याआधी झाला. तेथे उत्तर मायामी शहराच्या नगरपालिकेने उमेदवाराने गेल्या वर्षभरात तंबाखू वापरली नसल्याचे शपथपत्र मागितले, आणि फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती अट उचलून धरली. उलट बाजूला, १९८९ च्या सुमारापासून तेथील निम्म्याहून अधिक राज्यांनी कामाच्या वेळेबाहेर, कामाच्या जागेबाहेर केलेल्या धूम्रपानाबद्दल नोकरी नाकारण्यास वा काढून टाकण्यास कमीअधिक प्रमाणात मनाई करणारे कायदे केले. या कायद्यांच्या पाठीशी नागरी हक्कांचे कार्यकर्ते होते, आणि सिगारेट कंपन्याही होत्या. हा दुसरा भाग लपवू नये. कामगाराच्या घराची चौकट राखण्यात ज्यांना रस होता, त्यांतल्या काहींना त्या चौकटीच्या आत आपला माल खपावा यात रस होता. पण वकील कोण आहे यावरून अशिलाची बाजू खोटी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना १ डिसेंबर २००५ पासून तंबाखू वापरणाऱ्यांना नोकरीत घेत नाही. तंबाखूविरुद्ध जगभर लढणाऱ्या संस्थेने आपल्या माणसांकडून ही अपेक्षा करावी, यात निदान कामाचा आणि अटीचा काही संबंध तरी दिसतो. फरशी पुसण्यात तो दिसत नाही.

अमेरिकन मालकाचे खरे कारण पुष्कळदा पैशाचे असते: कामगाराच्या आरोग्यविम्याचा बोजा त्याच्यावर, आणि धूम्रपान करणारा महाग पडतो. हे कारण आपल्याकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. राज्य कामगार विमा योजनेखालील वर्गणी वेतनाच्या टक्क्यांवर ठरते. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. कामगार मिश्री लावतो की नाही याने त्यात छदामाचाही फरक पडत नाही.

मग ती सातवी ओळ तेथे कशासाठी आहे? या प्रश्नाशी आम्ही बरेच दिवस थबकलो होतो. उत्तर सुपरवायझरच्या बोलण्यातच होते. सगळ्याच लावतात, सगळ्याच ‘नाही’ म्हणून सही करतात. म्हणजे ती ओळ कोणाला बाहेर ठेवीत नाही. ती ठेवू लागली तर फरशी कोणी पुसायची? ती सर्वांना आत घेते, मात्र आत घेताना प्रत्येकीकडून एक असत्य लिहून घेते. त्या असत्याच्या पुढच्याच अर्ध्या वाक्यात शिक्षाही लिहिलेली आहे: ‘पूर्वसूचना न देता’. एखादी बाई उद्या जादा कामाचे पैसे मागू लागली, युनियनचे नाव काढू लागली किंवा नुसतीच नावडती झाली, तर तिला काढण्यासाठी कारण शोधावे लागणार नाही. ते तिच्याच सहीने फाइलीत पडलेले आहे. अर्जात खोटी माहिती देणे हा आपल्या सेवाविषयक न्यायशास्त्रात गंभीर दोष मानला जातो. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढे मात्र सांगितले की, लपवलेली बाब किती गंभीर आणि त्या पदाशी किती निगडित, याचा विचार झाला पाहिजे. तो विचार करून घेण्यासाठी न्यायालयापर्यंत पोहोचावे लागते. मुठ्याहून ते अंतर बरेच आहे.

मालकाने नैतिकता मागितली आणि त्याला असत्य मिळाले, एवढेच म्हणून भागणार नाही. त्याला असत्यच अधिक उपयोगी पडते. निर्व्यसनी कामगार त्याच्या ताब्यात जेवढा राहील, त्याहून जास्त निर्व्यसनी असल्याची खोटी सही केलेला राहील. अशी योजना कोणी बसून आखली असेल असे आम्ही म्हणत नाही. असले अर्ज एकमेकांवरून उतरवले जातात. पण न आखताही जे घडते त्याची फळे तीच असतात.

या लेखात आम्ही तंबाखूची वकिली करीत नाही, हे स्वच्छ सांगणे बरे. तोंडाचा कर्करोग म्हणजे काय हे या खोऱ्यातल्या घरांना शिकवावे लागत नाही. मिश्री सुटावी, विडी सुटावी, यासाठी जे जे करता येईल ते करावे, कंपनीनेही करावे. दंतवैद्याचे शिबिर भरवावे, समुपदेशक आणावा, सोडणाऱ्यास बक्षीस द्यावे. यातल्या कशालाही कायद्याची आडकाठी नाही. परंतु उपाशी ठेवण्याची भीती हा व्यसनमुक्तीचा उपचार नव्हे. आणि ज्या राज्यात सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी वळणाऱ्या बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्यांना घरे मिळाली, त्या राज्याने विडी वळणारीला कामगार म्हणावे आणि मिश्री लावणारीला कामास अपात्र म्हणावे, ही गोष्ट कोणत्या न्यायात बसते हे आम्हांस उमगत नाही.

कायद्याने काय करावे? फार नाही. एमएक्सचे दोन प्रश्न भरतीच्या दारावर लिहावेत. अट कामाशी निगडित आहे काय, आणि माणसाच्या सवयीने कामाच्या जागी कोणाला खराखुरा धोका आहे काय? ज्या अटीला यांपैकी एकाही प्रश्नाचे समर्थनीय उत्तर नाही, ती अर्जात छापताच येऊ नये, जसे नीरा माथुर प्रकरणानंतर ते रकाने छापता येईनासे झाले. कर्करोगाच्या रुग्णालयातील समुपदेशकाला तंबाखूबद्दल विचारता येईल. रसायनांच्या कारखान्यात खिसे तपासता येतील. पण घरच्या ओट्यावरच्या सकाळीबद्दल सही मागता येणार नाही.

तोवर आपल्या हाती जे आहे ते लहान आहे. आमच्या वाचकांत अध्यापक पुष्कळ आहेत. आपल्या वर्गांतली मुले पदवीबरोबर, कित्येकदा पदवीपूर्वीच, असे अर्ज भरतात. त्यांच्या आया आणि मामा भरतात. आपण त्यांना कवितेतला ध्वनितार्थ शिकवतो. ‘कोणत्याही स्वरूपात’, ‘असत्य आढळल्यास’, ‘पूर्वसूचना न देता’ या तीन शब्दसमूहांचा ध्वनितार्थ वर्गात एकदा काढून पाहावा. आम्ही या सत्रात तो तास घेतला. मुलांनी घरून अर्ज आणले, एकूण अकरा निघाले, आणि त्यांतल्या नऊंत ‘निर्व्यसनी’ हा शब्द होता. एका मुलीने विचारले की, हा शब्द कोणाच्या बाजूने लिहिलेला आहे. त्या तासाला आम्हांला फळ्यावर वेगळे काही लिहावे लागले नाही.